दोन मुठी तांदूळ, एक मूठ डाळ



नववी-दहावीच्या वयात आरशासमोर उभे राहून दंड फुगवून पाहिला नाही असा मुलगा विरळाच. शरीर कमवावे, अंगात ताकद यावी, ही इच्छा चांगली आहे आणि ती मुलींनीही बाळगावी. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद, वणी, दिग्रस, दारव्हा अशा गावांतून जुन्या आखाड्यांच्या जोडीला आता लोखंडी वजनांच्या व्यायामशाळा निघाल्या आहेत. तेथे जाऊ लागलेल्या मुलाच्या कानावर दोन उपदेश हटकून पडतात. पहिला उपदेश असा, की भात सोड, भाताने नुसते पोट सुटते. दुसरा असा, की प्रथिनांच्या भुकटीचा डबा विकत घे, त्याशिवाय अंग भरणार नाही.

हे दोन्ही उपदेश शाळकरी मुलांसाठी चुकीचे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. निरोगी मुलाला किंवा मुलीला स्नायू वाढविण्यासाठी लागणारा जवळजवळ सर्व माल वरण-भात, खिचडी, भाकरी, दूध आणि शेंगदाणे यांत मिळतो. मात्र त्यासाठी एक अट आहे. ताटातील डाळीचे प्रमाण योग्य हवे, आणि नेमके तेच आपल्या अनेक घरांत बिघडलेले आहे. हे मत तुम्ही माझ्या सांगण्यावरून स्वीकारू नका. पुढचा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन तपासा आणि मग ठरवा.

स्नायू कशाने वाढतो?

प्रथम एक गैरसमज दूर करू. स्नायू खाण्याने वाढत नाही. तो कामाने वाढतो आणि खाण्याने त्या वाढीला माल मिळतो. जोर, बैठका, वजन उचलणे, दोरावर चढणे अशा व्यायामात स्नायूच्या तंतूंवर नेहमीपेक्षा अधिक ताण पडतो. त्या ताणाची नोंद पेशी घेतात आणि पुढील एक-दोन दिवस स्नायूत नवी प्रथिने तयार करण्याचे काम वाढलेल्या वेगाने चालते. हे काम विश्रांतीत आणि झोपेतही चालू राहते. म्हणून रोज त्याच स्नायूला राबविणारा आणि रात्री बारापर्यंत जागणारा मुलगा कितीही खाल्ले तरी मागे पडतो.

आपल्या विभागाचे ठिकाण अमरावती. तेथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन भारतीय खेळांची आणि व्यायामांची प्रात्यक्षिके करून दाखविली. त्या काळी प्रथिनांच्या भुकटीच्या डब्यांचे आजच्यासारखे प्रस्थ नव्हते. तरी ते मल्ल आणि खेळाडू घडलेच. नियमित व्यायाम हा पहिला घटक होय. तो नसेल तर पुढचा सर्व हिशेब व्यर्थ आहे.

एक किलो स्नायूचा हिशेब

आता मालाकडे वळू. एक किलो स्नायूत सुमारे पाऊण किलो पाणीच असते. प्रथिने असतात साधारण २०० ग्रॅम. समजा, व्यायाम नव्याने सुरू केलेल्या मुलाने एका महिन्यात एक किलो स्नायू कमावला. ही प्रगती फार चांगली म्हणावी लागेल, पुष्कळांना ती साधत नाही. तरीही त्यासाठी लागणारी प्रथिने किती? २०० भागिले ३०, म्हणजे दिवसाला सात ग्रॅमही नाहीत. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांत सुमारे सात असतात.

खाल्लेले प्रत्येक ग्रॅम काही स्नायूत जात नाही, हे खरे. काही पचनात वाया जाते, काही जुन्या पेशींच्या डागडुजीला लागते. म्हणून सातऐवजी वीस ग्रॅम धरा. तरी हा आकडा डोंगराएवढा नाही.

आता एकूण गरज पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जे प्रमाण सांगितले, त्याप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या, सुमारे ५० किलो वजनाच्या मुलाला दिवसाला ४५ ग्रॅम प्रथिने हवीत. त्याच वयाच्या मुलीला ४३ ग्रॅम. वजन उचलण्याचा व्यायाम करणाऱ्या तरुणांवर जे प्रयोग झाले आहेत, त्यांतून असे दिसते की शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिने वाढविण्याचा स्नायूंना उपयोग होतो. त्यापुढे वाढविल्यास विशेष लाभ दिसत नाही. म्हणजे ५० किलोच्या मुलाने ६० ते ८० ग्रॅमच्या दरम्यान राहावे, एवढे पुरे.

आणि जास्त खाल्ले तर? तांदूळ कणगीत साठवावा तशी प्रथिने साठविण्याची सोय शरीरात नाही. जादा प्रथिनांतील नायट्रोजनचा भाग यकृत वेगळा करते, त्याचा युरिया बनतो आणि तो मूत्रावाटे बाहेर जातो. उरलेला भाग इंधन म्हणून जळतो किंवा त्याची चरबी होते. महागडी भुकटी गरजेपेक्षा अधिक खाणारा मुलगा अखेर फार महाग इंधन जाळत असतो.

भात काय देतो?

भाताने पोट सुटते, या म्हणण्यात किती तथ्य आहे? शंभर ग्रॅम कोरड्या तांदळातून सुमारे ३५५ उष्मांक मिळतात. ज्वारीच्या पिठातून जवळजवळ तेवढेच, ३३५ च्या आसपास. चरबी वाढते ती कामापेक्षा अधिक उष्मांक पोटात गेल्याने. मग ते भाताचे असोत, भाकरीचे असोत की तेलातल्या भज्यांचे असोत. दिवसभर बसून राहणाऱ्या माणसाने भाताचा डोंगर खाल्ला तर त्याचे पोट सुटेल, यात शंका नाही. पण १३ ते १५ वर्षांच्या मुलाची रोजची गरज २,८६० उष्मांक आहे आणि मुलीची २,४००. वाढीचे वय, शाळेपर्यंतची पायपीट, शेतातले काम आणि त्यावर व्यायाम. या इंधनाची पूर्तता कशाने होणार? धान्याने.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. इंधन कमी पडले तर शरीर प्रथिनेच जाळू लागते. घरात सरपण नसेल तर माणूस खुर्चीचे लाकूडही चुलीत घालतो, त्यातलाच हा प्रकार. भात सोडून नुसती अंडी खाणाऱ्या मुलाचे हेच होते. भात प्रथिनांना जळण्यापासून वाचवतो, म्हणून स्नायू वाढवू इच्छिणाऱ्याने तो सोडू नये.

भातातही प्रथिने असतात, शंभर ग्रॅम तांदळात जवळजवळ आठ ग्रॅम. परंतु त्यांत एक उणीव आहे. प्रथिने ही वीस प्रकारच्या अमायनो आम्लांची साखळी असते. त्यांपैकी नऊ प्रकार आपले शरीर बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागतात. या नवांपैकी लायसिन नावाचे आम्ल तांदळात कमी असते. तांदळाच्या शंभर ग्रॅम प्रथिनांत ते साडेतीन ते चार ग्रॅमच भरते. तुमच्या वयाला ते पाच ग्रॅमच्या जवळपास हवे.

याचा परिणाम समजण्यासाठी शिंप्याचे उदाहरण घ्या. त्याच्याजवळ वीस सदऱ्यांचे कापड आहे, पण गुंड्या आहेत फक्त सत्तर. एका सदऱ्याला सात गुंड्या लागतात. तर सदरे किती तयार होतील? दहा. उरलेले कापड पडून राहील. लायसिन ही भाताची गुंडी आहे. ती संपली की बाकीच्या अमायनो आम्लांचा स्नायू होऊ शकत नाही.

आता तुरीच्या डाळीकडे पाहा. तिच्या शंभर ग्रॅम प्रथिनांत लायसिन सात ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे गरजेहून बरेच अधिक. तिच्यात उणीव आहे ती मेथिओनिन आणि सिस्टीन या गंधकयुक्त अमायनो आम्लांची, आणि ती तांदळात पुरेशी असतात. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वरण-भात ही जोडी कोणा शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत शोधून काढलेली नाही. पण ती इतकी शतके का टिकली असावी, याचे एक उत्तर प्रयोगशाळेने दिले आहे. ही जोडी एकाच घासात जमली पाहिजे असेही नाही. दिवसभराच्या जेवणात दोन्ही गोष्टी आल्या की भागते.

प्रमाणात सारे आहे

पण जोडी म्हटली की दोघांचे वजन विचारावे लागते. ताटभर भातावर पळीभर पिवळे पाणी, त्यात तळाशी डाळीचे चार दाणे, याला आपण वरण म्हणतो. शास्त्राच्या दृष्टीने तो अजून नुसता भातच आहे.

हिशेब पाहा. तुरीच्या डाळीत शेकडा सुमारे २२ प्रथिने असतात. शंभर ग्रॅम तांदूळ आणि दहा ग्रॅम डाळ घेतली तर प्रथिने होतात दहा ग्रॅम आणि लायसिनचे प्रमाण गरजेहून खालीच राहते. डाळ वीस ग्रॅम केली तर प्रथिने बारा ग्रॅम होतात आणि लायसिन कसेबसे काठावर येते. आता ८० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम डाळ घ्या. एकूण वजन तेवढेच, १२० ग्रॅम. पण प्रथिने झाली पंधरा ग्रॅम आणि लायसिन गरजेहून अधिक! राष्ट्रीय पोषण संस्था तीन भाग धान्यास एक भाग डाळ असे प्रमाण सांगते. व्यायाम करणाऱ्या वाढत्या मुलांनी त्याहून थोडे पुढे जावे, असे मी सुचवितो. तराजू नसला तरी चालेल. दोन मुठी तांदूळ, एक मूठ डाळ, हे माप कोणाच्याही हाताशी आहे.

मग ५० किलोच्या मुलाचा एक दिवस कसा दिसेल? सकाळी पेलाभर दूध आणि मूठभर फुटाणे: प्रथिने बारा ग्रॅम. दुपारी दोनास एक मापाची खिचडी, तिच्याबरोबर दोन चमचे शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दही: तेवीस ग्रॅम. संध्याकाळी व्यायामानंतर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा: सात ग्रॅम. रात्री ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरी, घट्ट वरण आणि भाजी: तेवीस ग्रॅम. बेरीज झाली ६५ ग्रॅम. घरी अंडी चालत असतील तर दोन अंड्यांचे बारा ग्रॅम मिळवा, ७७ झाले. एवढ्या जेवणातून उष्मांक मात्र दोन हजारांच्या आसपासच मिळतात. म्हणजे अजून भात, भाकरी, केळी, थोडे तेल-तूप यांना जागा आहे आणि धान्य वाढविले की त्याबरोबर प्रथिनेही थोडी वाढतात. वजन वाढत नाही अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळ मुलांना एकूण अन्नच कमी पडत असते.

डब्याच्या सोयीचे काय?

शाळा, शिकवणी आणि शेत यांच्या धावपळीत हे सर्व करायला वेळ कोठे आहे, असे तुम्ही विचाराल. गावाहून येऊन यवतमाळात खोली करून राहणारी, स्वतः रांधणारी मुले तर हा प्रश्न हमखास विचारतील. उत्तर सोपे आहे. खिचडीला एक कुकर आणि अर्धा तास लागतो. मुगाची डाळ तांदळाबरोबरच शिजते, म्हणून घाईच्या वेळी ती उत्तम. तुरीची डाळ तासभर आधी भिजत घातली तर तीही मऊ शिजते. त्यात पालक, गाजर, वाटाणे, जे हाती असेल ते टाकावे. वरून लिंबू पिळायला विसरू नये, कारण लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटा परिणाम होतो. ही गोष्ट मुलींनी विशेष लक्षात ठेवावी, कारण त्यांच्यात रक्तक्षयाचे प्रमाण अधिक असते.

रोज खिचडीचा कंटाळा येत असेल तर विदर्भाच्या स्वयंपाकघरात डोकावून पाहा. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्याचे गोळे भाताबरोबर वाफवून, वरून फोडणीचे तेल घालून केलेला गोळाभात आहे. मिश्र डाळींचे वडे भातावर कुस्करून खायचा वडाभात आहे. हिवाळ्यात ओल्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात आहे. तिन्हींत भाताच्या जोडीला डाळ किंवा दाणे भरपूर असतात. पातळ वरणाने जे बिघडविले, ते या पदार्थांनी केव्हाच दुरुस्त करून ठेवले आहे. वडे तळायला तेल फार लागते, म्हणून वडाभात कधीमधी करावा. गोळाभात आणि सोलेभात मात्र वारंवार करायला हरकत नाही.

भाताबाबत दोन सावधगिरीच्या सूचना देतो. पहिली कोंड्याविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरला असे दिसले, की केवळ पांढरा सडलेला भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. बेरीबेरी या रोगाचे मूळ या निरीक्षणातून उलगडत गेले. पुढे त्या शोधाबद्दल त्याला १९२९ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कोंड्यात असलेले ब-१ जीवनसत्त्व पाण्यात विरघळते. म्हणून तांदूळ फार चोळून अनेक पाण्यांनी धुऊ नये आणि भाताची पेज काढून फेकू नये. मिळेल तेथे हातसडीचा तांदूळ वापरावा. खिचडीत पाणी टाकून द्यावे लागत नाही, हा तिचा आणखी एक गुण.

दुसरी सूचना शिळ्या भाताची. तांदळावर बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजविण्याच्या उष्णतेतही जिवंत राहतात. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करविणारे हे विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. म्हणजे बाधलेल्या भाताला फोडणी दिल्याने तो निर्धोक होत नाही. आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे रात्री उघड्यावर राहिलेला भात सकाळी डब्यात भरणे धोक्याचे आहे. भात सकाळी ताजा शिजवावा, गरम भरावा आणि मधल्या सुट्टीत संपवावा. उरलाच तर परातीत पसरून चटकन गार करावा आणि शीतपेटीत ठेवावा. शीतपेटी नसेल तर लागेल तेवढाच शिजवावा. आठवड्याचा भात एकदम शिजवून ठेवण्याची युक्ती कोणी सांगितली, तर तिच्यात हा धोका आहे हे ध्यानात असू द्या.

डब्यातील भुकटी

भुकटीच्या बाबतीत मी अन्याय करू इच्छित नाही. पुष्कळ डब्यांत जे असते ते दुधापासूनच येते. दूध फाडून छेना वेगळा केल्यावर जे हिरवट पाणी उरते, त्यातील प्रथिने वाळवून ही भुकटी करतात. ती प्रथिने चांगल्या प्रतीची असतात. आजारपणात किंवा विशेष प्रसंगी डॉक्टर ती देतातही.

माझी हरकत तीन कारणांसाठी आहे. एक म्हणजे गरज. वरचा हिशेब पाहिलात तर ती उरतच नाही. दुसरे म्हणजे विश्वास. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पूरकांची तपासणी करून तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी जवळजवळ ७० टक्के डब्यांवर लिहिलेले प्रथिनांचे प्रमाण खरे नव्हते. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शक सूत्रांत शरीर कमविण्यासाठी अशी पूरके टाळावीत असे सांगितले. अशा भुकट्यांत साखर आणि इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात, हेही निदर्शनास आणले. तिसरे कारण पैसा. एका डब्याला हजार-दोन हजार रुपये सहज पडतात. ज्या घरात आई एक मूठ डाळ घालताना हात आखडता घेते, त्याच घरातील मुलगा तेवढे पैसे डब्यावर घालवतो, हे मला पटत नाही. त्या पैशांत घरातील सर्वांसाठी काही महिने पुरेल एवढी डाळ आणि शेंगदाणे येतील, आणि त्यातला वाटा ताईलाही मिळेल. भुकटीचा डबा सहसा घरातल्या मुलासाठीच येतो, मुलीसाठी कोणी आणत नाही.

कोणी तुम्हाला 'लवकर फळ देणारी' गोळी किंवा इंजेक्शन देऊ केले, तर मात्र तेथे वादविवादही करू नका, सरळ निघून या. अशा औषधांत पुष्कळदा स्टेरॉइड संप्रेरके असतात. वाढीच्या वयात त्यांमुळे हाडांच्या टोकांची वाढ अकाली थांबून उंची कायमची खुंटू शकते. मूत्रपिंडाचा किंवा दुसरा दीर्घ आजार असणाऱ्यांनी आहारातील कोणताही बदल डॉक्टरांना विचारूनच करावा, हेही येथेच सांगून ठेवतो.

तूर शेतात, पाणी वरणात

आता या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ, हे आमच्या शिवारातील नेहमीचे दृश्य होय. सोयाबीनही येथे मोठ्या प्रमाणावर पिकते आणि त्यात शेकडा ३५ हून अधिक प्रथिने असतात. म्हणजे प्रथिनांचे कोठार आमच्या दाराशी आहे. तरी तूर बाजारात जाते आणि सोयाबीन तेलाच्या गिरणीत. सोयाबीनची पेंड कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्याला लागते. शेतकऱ्याला रोख पैशाची गरज असते, त्याला दोष देता येणार नाही. २०१५ साली तुरीची डाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, तेव्हा पुष्कळ घरांत वरणात पाणी वाढले असेल. पण ज्या घरी तूर पिकते, त्या घराने तरी वर्षाची डाळ आधी घरात ठेवावी आणि मग पोती बाजारात न्यावीत, असा आग्रह तुम्ही मुलांनी धरावा. सोयाबीन घरी वापरायचे असेल तर ते नीट शिजवून किंवा भाजूनच वापरावे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडविणारा घटक असतो, तो उष्णतेने निकामी होतो.

दुसरी गोष्ट शाळेची. १५ ऑगस्ट १९९५ रोजी शाळांतील पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. आरंभी अनेक ठिकाणी महिन्याला तीन किलो कोरडे धान्यच मिळे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि खिचडीचे पातेले शाळेत आले. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी या योजनेचे माप १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी असे ठरले, म्हणजे ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने. पाचास एक हे प्रमाण माझ्या मते कमी आहे. तरी पुष्कळ घरांतील वरणापेक्षा ते बरे.

पण ही योजना आठवीला संपते. मुलांची उंची साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते आणि स्नायूंची भर तर त्यानंतरही चालू राहते. म्हणजे गरज शिगेला पोहोचते त्याच सुमारास शाळेतले पातेले बाजूला होते! नववीतला मुलगा उपाशीपोटी कवायत करतो आणि शाळेबाहेरच्या गाडीवरचा वडापाव खाऊन वेळ मारून नेतो. दहावीपर्यंतच्या प्रत्येक विद्यार्थ्याला दुपारचे शिजविलेले अन्न मिळाले पाहिजे आणि त्यातील डाळीचे माप वाढले पाहिजे. स्नायूंच्या वाढीविषयी कळकळ असणाऱ्यांनी भुकटीची जाहिरात करण्याऐवजी ही मागणी करावी.

शिक्षकांना एक विनंती

शिक्षकमित्रांनी नववीच्या वर्गाला एक छोटा उपक्रम द्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवडाभर आपल्या घरी रोज किती मुठी तांदूळ किंवा पीठ आणि किती मुठी डाळ शिजली, एवढेच लिहून आणावे. नाव न लिहिता आकडे फळ्यावर मांडावेत आणि धान्य व डाळ यांचे गुणोत्तर वर्गाने काढावे. गुणोत्तराचा धडा त्यातून शिकवून होईल आणि गावाच्या आहाराचे चित्रही समोर येईल. त्याबरोबर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येकाने किती जोर आणि किती बैठका मारल्या, याची नोंद आपापल्या वहीत ठेवावी. दंडाचे माप घेऊन एकमेकांशी तुलना मात्र करू नये. प्रत्येकाची ठेवण वेगळी असते, आणि कालच्यापेक्षा आज दोन जोर अधिक निघाले हीच खरी प्रगती.

मित्रहो, विज्ञान शिकलेल्या माणसाने आपल्या ताटातील प्रत्येक वस्तूला 'किती?' असा प्रश्न विचारता आला पाहिजे. डब्यावरच्या पिळदार दंडाच्या चित्राला हा प्रश्न विचारा, आणि आईच्या वरणालाही विचारा. आज रात्री स्वयंपाकाला हातभार लावायला जा, आणि डाळ धुताना एक मूठ वाढवून पाहा.